पाचही गोळ्या

"दोनशे दहा," नर्सनं दंडावरचा पट्टा सोडला. "पुन्हा तेवढंच."

वायरमननं शर्टाची बाही खाली ओढली. तीन वर्षं झाली, रोजच्या पाच गोळ्या, आणि आकडा काही जागचा हलत नव्हता.

"आता यंत्राचा उपाय करून बघू," डॉक्टर म्हणाले. "जांघेतून बारीक नळी घालायची, ती मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीपर्यंत न्यायची. तिथल्या नसा बीपी चढवतात. त्या उष्णता देऊन निकामी करायच्या."

"म्हणजे फ्यूजच काढायचा," वायरमन म्हणाला.

डॉक्टर हसले. शेजारी बसलेली त्याची बायको हसली नाही. मुलगी अपघातात गेल्यापासून ती हसतच नसे. गाडी बाप चालवत होता, आणि त्याला साधं खरचटलंही नव्हतं.

"गोळ्या चुकत नाहीत ना?"

"डबी मी स्वतः भरते," ती म्हणाली. "हे गिळेपर्यंत समोरून हलत नाही."

तरी नियम म्हणून लघवीची तपासणी झाली. औषध अंगात पोचतंय की नाही, ते तिच्यात कळतं.

आठ दिवसांनी दोघं पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसली. डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर सरकवला.

"पाचपैकी एकाही औषधाचा अंश नाही."

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी थुंकतो," वायरमन घाईघाईनं म्हणाला. "हिची पाठ वळली की बेसिनमध्ये."

"अहो, जीव नकोसा झालाय का?" डॉक्टर भडकले. "मेंदूत रक्तस्राव झाला म्हणजे? नळी वगैरे आता राहू द्या. आधी महिनाभर गोळ्या नीट घ्या. ताई, तुम्ही लक्ष ठेवा."

तिनं नुसती मान हलवली. घरी आल्यावर मात्र स्वयंपाकघरातल्या खुर्चीत मटकन बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"का केलंत असं?" एवढंच तिला विचारता आलं.

वायरमननं पेल्यात पाणी ओतलं. डबीतल्या पाचही गोळ्या तळहातावर घेतल्या, एकेक करून गिळल्या आणि पेला उपडा ठेवला.

"एकही थुंकलो नाही गं कधी," तो म्हणाला. "तू औषधं काढून भलत्याच गोळ्या भरतेस, हे पहिल्याच महिन्यात कळलं होतं मला."