न झालेलं दुखणं

आठ दिवसांनी होणारं दुखणं कमरेच्या पट्ट्याने आजच कळवलं, म्हणून शलाका त्र्यंबकराव गद्र्यांच्या दारात हजर झाली. हल्ली कोणाची कंबर दुखतच नसे. पट्टा आधीच सांगे आणि फिजिओथेरपिस्ट घरी येऊन व्यायाम करवून घेई.

“काका, महिन्यात चौथ्यांदा! मुद्दाम वाकडे बसता ना?”

“वाचताना भान राहत नाही गं,” त्र्यंबकराव पुटपुटले. काल दिवसभर ते स्टुलावर पाठ वाकवून बसले होते, पुस्तक न उघडता.

“सोमवारी नवा पट्टा येतोय. तो स्नायू स्वतःच ताणतो. सुटलात माझ्या कटकटीतून!”

“म्हणजे तू...”

“मी कशाला येऊ मग? चला, पुढे वाका. दहा होईपर्यंत तसेच राहा. मोठ्याने मोजा.”

तिने त्यांच्या कमरेवर तळहात टेकवला. आठवड्याभरात त्यांना झालेला तो पहिला माणसाचा स्पर्श. त्यांनी सावकाश मोजायला सुरुवात केली आणि नवावर थांबले.

“काय झालं?”

“विसरलो. कितीवर होतो मी?”

शलाकाने हात काढला नाही.

“मलाही नाही आठवत,” ती म्हणाली. “एकपासून घ्या.”