झोपून पाहा, मगच घ्या

सल्लागार साहेब गादीवर आडवे झाले ते फक्त दोन मिनिटांसाठी. दाखवण्यापुरते.

“गिऱ्हाइकाला एवढंच पडू द्यायचं, सूनबाई,” पायांतले बूट गादीबाहेर अधांतरी धरून ते म्हणाले. “पाठ टेकली, बरं वाटलं, की लगेच विचारायचं, बांधून देऊ का? घोरू म्हणून द्यायचं नाही. एकदा का गिऱ्हाईक घोरलं की धंदा...”

धंद्याचं काय होतं ते कळलंच नाही. बूट हळूच गादीवर टेकले आणि साहेब घोरायला लागले.

सूनबाईनं कपाळाला हात लावला. सासऱ्यांपासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला सूनबाईच म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत तिनं गाद्यांचं दुकान थाटलं होतं. कापूस निवडण्यापासून टाके घालण्यापर्यंत सगळं तिच्या हातचं. गाद्या अशा, की टेकायला आलेला माणूस आपोआप कलंडायचा. पण त्या विकायच्या कशा हे काही उमगेना, म्हणून ती वॉर्डातल्या लघुउद्योग सल्ला केंद्रात गेली. सल्ला फुकट होता आणि साहेबांनी तो अगदी मनापासून दिला. “लोकांना अनुभव घेऊ द्या!” तिनं घरी येऊन दारावर पाटी लावली, ‘झोपून पाहा, मगच घ्या.’

लोकांनी पाटीचा पहिला अर्धा भाग तंतोतंत पाळला. दुपार झाली की पोस्टमन यायचा. समोरचा न्हावी दुकानाला कुलूप लावून यायचा. गणिताचे मास्तर तर स्वतःची चादर काखेत मारून यायचे, आणि खिडकीजवळची गादी त्यांनी जणू नावावर करून घेतली होती. सगळे डाराडूर झोपायचे, उठून गादीची तोंडभरून स्तुती करायचे आणि उद्याची जागा सांगून चालते व्हायचे. त्यांना मधेच उठवायचं म्हटलं की सूनबाईच्या जिवावर यायचं. आपण शिवलेल्या गादीवर कुणीतरी तोंड उघडं टाकून निर्धास्त पडलंय, याहून मोठी पावती ती कोणती!

सासऱ्यांना ही पावती चालत नव्हती. त्यांनी खोली महिन्यापुरती दिली होती आणि महिना आज संपत होता. “आज एक तरी गादी उंबऱ्याबाहेर गेली पाहिजे,” त्यांनी सकाळीच बजावलं होतं. “नाहीतर उद्यापासून इथे थोरल्याच्या दुकानातले टायर. टायरवर निदान कुणी झोपायला तरी येत नाही.” म्हणून तर तिनं धावत जाऊन साहेबांना बोलावून आणलं होतं. आणि साहेब हे असे पडले होते.

तेवढ्यात एक जोडपं आलं. खरंखुरं, गादी घ्यायला आलेलं. नवऱ्यानं खोलीभर नजर फिरवली आणि नेमकं साहेबांच्या अंगाखालच्या गादीकडे बोट दाखवलं. “ही जरा दाबून बघता येईल का?”

सासरे दारातून हातवारे करायला लागले, उठव, उठव! सूनबाई साहेबांवर वाकली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, कपाळावरची आठी आत्ता कुठे सुटलेली. तिनं हात पुढे केला, आणि साहेबांचे बूट काढून ठेवले. वर चादर घातली.

“दुसरी दाखवते ना,” ती कुजबुजली.

“अहो, चला,” बायको नवऱ्याला म्हणाली. “यांच्याकडे कुणीतरी आजारी आहे वाटतं.” जोडपं आल्या पावली परत गेलं.

“भीड भिकेची बहीण, सूनबाई,” सासरे म्हणाले. “मी थोरल्याला टायरचं सांगून येतो.”

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला स्वतःचाच भयंकर राग आला. एक माणूस हलवून उठवायचा, एवढंही जमू नये आपल्याला?

तोच साहेबांच्या खिशातला फोन वाजला. त्यांची झोप मोडेल म्हणून तिनं तो झटकन काढून कानाला लावला.

“साहेब झोपलेत हो,” ती हळूच म्हणाली.

पलीकडून एका बाईंचा आवाज आला, “राँग नंबर लागला वाटतं. आमचे हे झोपत नाहीत.”

सूनबाईनं शपथ घेऊन सांगितलं, पत्ता दिला, तेव्हा कुठे साहेबांच्या पत्नी धापा टाकत दारात येऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याकडे पाहून त्यांनी तोंडावर हात ठेवला. सल्ला केंद्रात लागल्यापासून या माणसाच्या डोळ्याला डोळा नाही, त्या दबक्या आवाजात सांगू लागल्या. दिवसभर लोकांना सल्ले द्यायचे आणि रात्रभर त्यांच्या धंद्यांची काळजी वाहायची. मध्येच बायकोला हलवून विचारायचं, “अगं, त्या मेणबत्तीवाल्यानं जाहिरात कुठे करावी?” काढे झाले, गोळ्या झाल्या, तळपायाला तेल चोळून झालं. बोलता बोलता त्या गादीच्या कडेला टेकल्या. हातानं ती दाबून पाहिली.

“मला ही गादी हवी,” त्या म्हणाल्या. “हीच.”

परत आलेले सासरे उंबऱ्यातच थबकले. सूनबाईला आनंदानं काय करू आणि काय नको असं झालं. जन्मात पहिल्यांदा ती कुणाला तरी उठवायला निघाली.

“बसा हं तुम्ही. साहेबांना उठवते, गादी गुंडाळते, आणि लगेच...”

बाईंनी तिचा हात घट्ट धरला.

“उठवलंत तर बघा! यांच्यासकट घरी पोचवा.”