ढिगावरचा हात

“काहीही बोला,” सर्जन खाटेशी वाकून म्हणाले. “स्वतःचं नाव सांगा. नाही तर मला एक शिवी द्या, तीही चालेल.”

भोंग्याने छताकडे पाहिलं आणि ओठ आणखी घट्ट मिटून घेतले.

घाऊक भाजीबाजारात त्याला सगळे भोंगाच म्हणत. लिलाव पुकारणं हे त्याचं काम. त्याने पहाटे बटाट्याचा पहिला ढीग पुकारला की रस्त्यापलीकडची माणसं अंथरुणातून उठायची आणि त्याच्या नावाने खडे फोडत तोंड धुवायची. घरात तो मीठ मागायचा तेही शेजारच्यांनी आणून द्यावं अशा आवाजात. बायकोने अर्धा संसार कानांवर हात ठेवून केला होता.

त्या बाजारात एक रीत होती. मालकाला भाव पटला नाही, तर त्याने वाद घालायचा नाही, फक्त पुढे होऊन ढिगावर हात ठेवायचा. हात पडला की भोंगा गप्प. मग कुणी कितीही बोली वाढवो, माल आला तसा घरी परत जायचा. लग्नानंतर त्याने बायकोला बाजार दाखवायला नेलं होतं, तेव्हा ही रीत फार अभिमानाने सांगितली होती. ती हसली होती. इतक्या आरडाओरड्यात नुसत्या हाताला कोण विचारतं, असं तिला वाटलं होतं.

आणि नेमकी त्याच्याच गळ्यात गाठ निघाली. ती काढताना आवाजाच्या नसेला धक्का लागू शकतो, हे सर्जननी दोघांना समोर बसवून सांगितलं. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये भोंगा जन्मात पहिल्यांदा हळू बोलला.

“आवाज गेला तर माझी काय किंमत गं? फुकट दिला तरी कुणी उचलायचा नाही.”

ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि त्याचं उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

ऑपरेशन सकाळी पार पडलं. आता ऊन खिडकीतून खाटेच्या पायथ्याशी आलं होतं. सिस्टर मधूनमधून येऊन गळ्याची पट्टी तपासायची, सलाइन बघायची आणि “काका, बोला ना,” म्हणायची. काका हातानेच नको म्हणायचे. पाणी हवं का, उशी वर घेऊ का, सगळ्याला हातच. ज्या आवाजाला बायको इतकी वर्षं वैतागली, तो एकदा कानावर पडावा म्हणून तिने काय वाटेल ते दिलं असतं.

“नस मी डोळ्यांनी पाहिलीय, शाबूत आहे,” सर्जन तिला बाजूला घेऊन म्हणाले. “पण त्यांचा शब्द ऐकल्याशिवाय माझाही जीव भांड्यात पडायचा नाही. नाहीच बोलले तर दुर्बीण घालून बघावं लागेल.”

तिने खाटेकडे नीट पाहिलं. ज्याचा आवाज गेलाय तो निदान तोंड उघडून तरी बघतो. ह्याने ओठ विलगसुद्धा केले नव्हते. आणि तिच्या लक्षात आलं. हा घाबरलाय. बोलून बघितलं नाही तोवर आवाज गेला असं ठरत नाही, म्हणून हा बोलतच नाहीये.

ती पुढे झाली. टेबलावरचा चमचा उचलून तिने खाटेच्या दांडीवर वाजवला.

“डॉक्टर, हा माल आज काढायचाय. बोला, काय देता?”

सर्जन गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. तिने डोळ्यांनीच नवऱ्याकडे खूण केली. सर्जन हुशार होते.

“पाच,” ते गंभीरपणे म्हणाले.

“पाच, एक वार,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदीच बारीक निघाला. भोंग्याच्या कपाळाला आठी पडली.

“सिस्टर, तुम्ही काही वाढवता?”

“आमच्याकडे ठेवायला जागा नाही हो मावशी,” सिस्टर मनापासून म्हणाली.

“मग पाचच. पाच, दोन वार.” खाटेवर काहीच हललं नाही. तिने चमचा वर धरला, पण तो खाली आणायचा धीर तिला होईना. “पाच, तीन…”

“थांब.”

आवाज बिजागरी गंजलेल्या दारासारखा होता. पण होता.

“पाच?” भोंगा सर्जनकडे बघत घोगऱ्या आवाजात म्हणाला. “अहो, गळा आजच नवा करून घेतलाय. आणि तू गं, असा पुकारतात होय लिलाव? गिऱ्हाइकाला वाटेल माल कुजकाच आहे.”

सिस्टर तोंडावर हात ठेवून हसू दाबत राहिली. सर्जन जवळच्या स्टुलावर मटकन बसले आणि चष्मा काढून पुसू लागले.

“दहा,” ते म्हणाले.

“मी पंचवीस देते,” सिस्टर म्हणाली. “जागा करीन कुठेतरी.”

भोंग्याच्या डोळ्यांत सकाळपासून विझलेला बाजार पुन्हा भरला. त्याने उशीवरून डोकं उचललं. “पंचवीस. पंचवीस एक वार. पुढे कोण बोलतंय, पंचवीस दोन…”

चमचा बायकोच्या हातातून केव्हाच गळून पडला होता. डोळे घळाघळा वाहत होते, तेही तिने पुसले नाहीत. ती वाकली आणि तिने त्याच्या छातीवर हात ठेवला.

भोंगा रीतीप्रमाणे गप्प झाला.