उंचीचा अनुशेष

मथुराआक्काने उंची केंद्रात पट्टीला पाठ लावली. सकाळी चार फूट दहा असलेली आक्का आता पाच फूट आठ भरली.

"तुमच्या जनुकांत होती तेवढीच परत केलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लहानपणी पोटभर मिळालं असतं तर तेव्हाच आली असती. आता या वयात हाडं ती संध्याकाळी सहापर्यंतच धरतील."

बाहेर धाकटा भाऊ दिगंबर टोपी घालून बाकावर बसला होता. तो उठला आणि तिच्या नाकाशी संपला.

"घरातलं सगळं दूध पिऊन तू एवढाच?" आक्काने विचारलं.

"दूध वाया गेलं म्हण."

"वाया कसलं? मांडीवर घेऊन मीच पाजायचे, तुझ्या केसांतले दोन भोवरे बघत. मग तू माझ्यापेक्षा उंच झालास आणि ते दिसेनासेच झाले. भाऊबीजेला ओवाळते तेव्हाही टोपी घालूनच बसतोस. तेवढ्यासाठी आलेय मी इथे."

दिगंबरने टोपी दाबून धरली. "राहू दे ना आक्का. चारचौघांत कशाला?"

आक्काने ती अलगद उचलली. खाली गुळगुळीत टक्कल होतं. भोवरे कुठे होते ते आता आठवूनच ठरवावं लागत होतं. तिने आठवून दोन ठिकाणी बोट टेकवलं.

"थांब, खाली बसतो," दिगंबर म्हणाला. "तुला नीट दिसेल."

"बसू नकोस," आक्का म्हणाली. "सहाला अजून वेळ आहे. उभाच राहा."