बोटीवरचा नवरा

नवऱ्याला मारायचं ठरलं ते मंगळवारी, रक्तदाब मोजून झाल्यावर. डॉक्टरबाईंनी दंडाचा पट्टा सोडला, आकड्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं आणि घरात कसला ताण आहे का म्हणून विचारलं. सहावा महिना होता. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे नंबर तपासणाऱ्या चष्मेवालीने नाही म्हणून मान हलवली. ताण होता. तो सहा फूट उंच होता, बोटीवर नोकरीला होता आणि मुळात नव्हताच.

बाहेर बाकावर लिफ्टवाली बसली होती. ती लिफ्ट दुरुस्त करायची, म्हणून लिफ्टवाली. दोघींचा सात वर्षांचा संसार. आधीच्या दोन घरांतून त्यांना निघावं लागलं होतं. पहिल्या घरमालकाने कारण सांगितलं नाही, दुसऱ्याने अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तिसरं घर घेताना दोघी शहाण्या झाल्या. चष्मेवालीला त्यांनी नवरा दिला आणि लिफ्टवालीला त्याची बहीण केलं. नवऱ्याला नाव द्यायचीही गरज पडली नाही, 'हे' म्हटलं की भागत होतं. पुढे मूल हवंसं वाटलं तेव्हा दोघींनी दवाखान्यात जाऊन रीतसर उपचार घेतले, आणि शेजारीपाजारी सांगितलं की 'हे' दोन दिवस येऊन गेले, रात्री आले आणि पहाटे गेले.

नणंद-भावजयीचं एवढं पटलेलं त्या इमारतीने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याचंही श्रेय बोटीवर जात होतं. उलट्या सुरू झाल्या तेव्हा लिफ्टवाली पहाटे उठून लिंबू कापायची, आणि कोणी कौतुक केलं की म्हणायची, दादाने कळवलंय. संध्याकाळी कामावरून आली की हातांचं ग्रीस धुऊन ती चष्मेवालीचे सुजलेले पाय चेपायला बसायची. तेही दादानेच कळवलेलं असायचं. खालच्या मजल्यावरच्या काकू हे ऐकून हरखून जात आणि घरी जाऊन काकांना फैलावर घेत. तो बिचारा भर समुद्रात बसून बायकोच्या पायांची काळजी करतो, आणि तुम्हाला हॉलमधून स्वयंपाकघरात यायला होडी लागते का, असं त्यांचं रोजचं. काका पेपर आणखी वर धरत.

पण बाळ झाल्यावर बाप यायलाच हवा. काकूंनी रजेची चौकशी सुरू केली होती. त्यांनी विचारलं की चष्मेवालीचं काळीज धडधडायचं आणि दवाखान्यात आकडा चढायचा. शेवटी दोघींनी त्याला भर समुद्रात हृदयविकाराचा झटका दिला आणि तिथेच जलसमाधी दिली, म्हणजे दाखवायला काही नको.

"चांगला होता गं," त्या रात्री लिफ्टवाली म्हणाली, आणि दोघी उशीत तोंड खुपसून हसल्या.

इमारत मात्र खरोखर हळहळली. लोकांनी डबे पाठवले. काकूंनी तर पंधरा दिवस टीव्ही लावला नाही, ऐन रंगात आलेली मालिका सोडून दिली. एकट्या काकांच्या चेहऱ्यावर तेवढी सुटका झाल्यासारखी दिसत होती, आणि ती लपवायला त्यांना पेपर पुरत नव्हता.

सोळाव्या दिवशी काकू वर आल्या. त्यांनी पर्समधून एक फोटो काढून चष्मेवालीच्या हातात ठेवला. त्यांचा भाचा होता. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, स्वतःचं घर होतं, बाळाला आपलं म्हणायला तयार होता. मग त्या लिफ्टवालीकडे वळल्या. ती नेहमीप्रमाणे जमिनीवर बसून पायांना तेल लावत होती.

"तू आता आपली दुसरीकडे सोय बघ गं. भाऊ होता तोवर ठीक होतं. आता या घराशी तुझा काय संबंध?"

चष्मेवालीच्या आता लक्षात आलं. ज्या फांदीवर दोघी बसल्या होत्या तीच त्यांनी हौसेने कापली होती. नवरा गेला तशी नणंदही गेली. हो म्हणावं तर माणूस जातं आणि नाही म्हणावं तर कारण काय द्यायचं, हे तिला सुचेना.

लिफ्टवालीचे हात थांबले. चारचौघांत ती वहिनी म्हणायची, दोन वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

"काकू, मला भाऊ नाही. कधीच नव्हता. ही माझी बायको आहे. बाळ आमचं दोघींचं आहे."

चष्मेवाली मनातल्या मनात सामानाची खोकी मोजू लागली. मागच्या वेळी चौदा लागली होती, आता पाळणा धरून सोळा. तिला भीती वाटली. पण छातीवरचा दगड कोणीतरी उचलल्यासारखंही वाटलं, आणि त्या भीतीतही तिला लिफ्टवालीचा अभिमान वाटला.

"मग ते लिंबू?" काकूंनी विचारलं.

"मीच."

"पाय चेपायला कोण कळवायचं?"

"कोणी नाही. मला कळत होतं."

"आणि मी पंधरा दिवस मालिका बघितली नाही ती?"

"ते मात्र आमचं चुकलं, काकू."

काकूंनी चष्मेवालीच्या हातातून फोटो काढून घेतला आणि पर्समध्ये टाकला. गुडघ्यावर हात ठेवून त्या उठल्या. "तू थांबू नकोस, चेप," असं त्यांनी लिफ्टवालीला सांगितलं, आणि चपला शोधत दारापर्यंत गेल्या. तिथे जरा थबकल्या.

"तरीच म्हटलं, असा नवरा असतो कुठे," त्या म्हणाल्या. "इतके महिने आमच्या ह्यांना उगीच बोलले मी."