अजगरांचं घर

"कडी आतूनही लागली पाहिजे," कुसुमताई म्हणाल्या.

अशरफने मोजपट्टीवरून मान वर केली. "आतून? आतून कोण लावणार, ताई?"

"अहो, माणूस आत असताना दार बाहेरून लागलं तर अडकून नाही का पडायचा?"

अशरफला ते पटलं. साफसफाईला कुणीतरी आत जाणारच.

आखातातल्या अम्गऱ्याच्या औद्योगिक वस्तीत त्याचं अ‍ॅल्युमिनियमच्या आणि काचेच्या कामाचं वर्कशॉप होतं. दुकानांच्या दर्शनी काचा, ऑफिसांच्या केबिनी, बाथरूमची दारं, सगळं त्याने केलं होतं. अजगरांचा पिंजरा पहिलाच. मूळ तो दापोलीकडचा. लहानपणी कौलांतून एक धामण त्याच्या पुढ्यात पडली होती. तेव्हापासून तो दोरीसुद्धा आधी पायाने हलवून बघायचा आणि मगच उचलायचा. हे काम त्याने घेतलंच नसतं. पण त्याची बायको नूरी हॉस्पिटलात होती, तेव्हा नर्स कुसुमताईंनी तिचं बहिणीसारखं केलं होतं.

"बाईचा संसार मोडायला आलाय," नूरीने बजावलं होतं. "नाही म्हणालात तर बघा."

झालं होतं असं, की वरच्या मजल्यावरचं कुटुंब देश सोडून गेलं आणि जाताना आपले दोन पाळीव अजगर कुसुमताईंच्या स्वाधीन करून गेलं. ताईंना मूलबाळ नव्हतं. त्यांनी एकाचं नाव बंडू ठेवलं, दुसरीचं शेवंती, आणि दोघांना 'पोरं' म्हणू लागल्या. त्यांचे यजमान लक्ष्मीकांत यांनी आठवडाभर कळ काढली. मग एका सकाळी चहा घेताना शेवंती त्यांच्या मांडीवर चढली. ते तसेच पायजम्यावर खाली उतरले, टॅक्सी केली आणि फहाहीलला मित्राकडे जाऊन राहिले. पिंजरा झाल्याशिवाय घरात पाऊल टाकणार नाही, असा त्यांचा निरोप होता. ताई राहायच्या त्या महबूल्यातल्या साऱ्या मराठी घरांना हे ठाऊक होतं.

अशरफ मोबाइलवर अजगरांचे व्हिडिओ बघून तयारीने आला होता.

"ऊब द्यायचा दिवा लागेल, ताई."

"छे. ह्यांना उकाडा सोसत नाही. उलट एसीचा झोत आत येईल असं करा."

"पण व्हिडिओत सांगतात..."

"व्हिडिओवाले राहिलेत का ह्यांच्याबरोबर?"

अशरफने यादीतला दिवा खोडला. मग म्हणाला, "पाण्याचा टब?"

"आत नको, सगळं ओलं होतं. अंघोळीला मी स्वतः धरून नेईन."

"लपायला काही? त्यांना आडोसा लागतो."

"मागच्या बाजूला पडदा लावा. झोपताना कुणी बघितलेलं ह्यांना चालत नाही. पुढची काच मात्र टीव्हीकडे. समोर काही हलतं दिसलं की मन रमतं. आणि उंची भरपूर ठेवा, अंग मोकळं करता आलं पाहिजे."

"खाणं?"

"एक झडप ठेवा, तिथून सरकवीन."

"काय खातात?"

"कोंबडी. शनिवारी नाही."

घरी येऊन अशरफने हे सांगितलं, तेव्हा नूरीचा हात पिठातच थांबला. "साप शनिवार पाळतात?"

"हिंदूंच्या घरातले आहेत," अशरफ म्हणाला.

पिंजरा बसवायच्या दिवशी हाफ लॉरीतून काचा आल्या. अजगर बेडरूममध्ये बंद होते. दुपारपर्यंत चौकट उभी राहिली, काचा बसल्या, दार लागलं. अशरफ दाराचे स्क्रू आवळत होता. तेवढ्यात बेडरूमच्या दाराची मूठ खाली झाली आणि फटीतून बंडूचं डोकं बाहेर आलं. मागोमाग बंडू येतच राहिला. संपेचना.

"या अल्लाह!" अशरफने पिंजऱ्यात उडी मारली, दार ओढलं आणि कडी घातली.

कुसुमताई स्वयंपाकघरातून धावत आल्या. पण बंडूला उचलायचं सोडून त्या बघतच राहिल्या. बंडूने काचेला नाक लावलं. दाराला अंग घासलं. खालून, वरून, कोपऱ्यातून फट शोधली. पिंजरा जागचा हलला नाही.

"त्याला आत शिरता येत नाहीये हो!" ताईंचे डोळे भरून आले.

"ताई, तो बाहेर आहे!" अशरफ आतून ओरडला.

"तेच तर! आत शिरायला फट नाही, म्हणजे बाहेर पडायलाही नाही. काय मजबूत काम केलंत!"

मग त्यांनी बंडूला खांद्यावर घेतलं, थोपटत बेडरूममध्ये नेलं आणि फोन लावला. "झालाय तयार. या आता."

लक्ष्मीकांत संध्याकाळी आले. लॅब टेक्निशियन माणूस, पार वाळून गेला होता. उंबऱ्यातूनच त्यांनी विचारलं, "कुठायत?"

"बेडरूममध्ये, दार लावलंय. आधी पिंजरा बघा."

त्यांनी प्रत्येक काच थोपटली. सांध्यांवरून बोट फिरवलं. दार दोनतीनदा उघडून मिटून बघितलं. अशरफ जिन्याच्या बाजूला सरकून उभा होता. आता ते दोघे अजगर एकदा आत गेले, की आपण सुटलो.

"मग?" कुसुमताईंनी हळूच विचारलं. "राहाल ना आता?"

लक्ष्मीकांतांनी मान डोलावली. "राहीन, कुसुम. आता कुठे जात नाही."

अशरफला भरून आलं. एक संसार सावरला होता. नूरीला कधी सांगतो असं त्याला झालं.

लक्ष्मीकांतांनी चपला काढल्या, सोफ्यावरची उशी काखेत मारली, टीव्हीचा रिमोट घेतला आणि पिंजऱ्यात जाऊन मागे दार लावून घेतलं. कुसुमताईंनी बेडरूमचं दार सताड उघडलं.

"या रे पोरांनो बाहेर," त्या म्हणाल्या. "बाबा आत गेले."