आग विझल्यावर अर्धा तास

माणसाच्या प्रगतीची सुरुवात आगीच्या शोधाने झाली. आग न लागण्याचा शोध मात्र दुपारपासून चाचणीच्या खोलीत कडीबंद पडला होता.

जाड काचेपलीकडे लिथियम धातूची बॅटरी होती, पोटात चाचणीसाठी ठोकलेला खिळा आरपार. एरवी अशा बॅटरीतला द्रव भडकतो आणि ज्वाळा छताला लागतात. संशोधक बाईंनी वर्षानुवर्षं खपून बनवलेला द्रव साधा धुमसलाही नव्हता.

"दार उघडा," बाई म्हणाल्या.

"आग विझल्यावर अर्ध्या तासाने," सुरक्षा अधिकारी म्हणाले. "नियम आहे."

"अहो, आग लागलीच नाही!"

"तेच म्हणतोय मी. लागली नाही, तर विझणार कशी? आणि विझल्याशिवाय मी अर्धा तास मोजू कुठून?"

"साहेबांना विचारा ना."

"साहेब रजेवर आहेत. नियम रजेवर नाही."

बस बनवणाऱ्या कंपनीचे पाहुणे बॅग उचलून उभे राहिले. "मॅडम, मी वस्तू हातात घेतल्याशिवाय हो म्हणत नाही. काचेतून काय, मासेही छान दिसतात."

ते हो न म्हणता गेले, तर महिनाअखेरीस बाईंचा विभाग बंद होणार होता. तसं लेखी आलं होतं.

बाईंनी एप्रनच्या बाह्या वर सारल्या. रद्दीतले कागद लोखंडी बादलीत कोंबले, बादली अधिकाऱ्यांच्या पायाशी आणून ठेवली आणि बर्नरच्या लायटरने पेटवली.

अधिकारी आजवर भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं नुसतं पुसत आले होते. त्यांनी ते असं काही रिकामं केलं की बादली, बाई आणि पाहुण्यांचे बूट एकाच रंगाचे झाले.

"विझली?" बाईंनी चष्मा पुसत विचारलं.

"विझली म्हणजे काय! ठार!"

"मग मोजा."

अधिकाऱ्यांनी घड्याळ लावलं. पाहुणे बूट झटकत परत बसले. एवढं झाल्यावर निघून जाणं त्यांनाही जमेना.

अर्ध्या तासाने कडी निघाली. बाईंनी खिळ्यासकट बॅटरी पाहुण्यांच्या तळहातावर ठेवली.

"गार आहे की हो," ते म्हणाले. त्यांनी ती उलटसुलट केली, वास घेतला. "पाठवा अशा बॅटऱ्या. आधी एका बसला लावून बघू."

बाई स्टुलावर बसल्या आणि केसांतली पांढरी पूड झाडू लागल्या.

संस्थेत त्या वर्षी आग एकदाच लागली. न पेटणाऱ्या द्रवाच्या चाचणीत.